बेअरिंग आधी, हब मग

बाळा,

परवा जेवणं झाल्यावर तू मला मोबाइलवर त्या फुल-फ्लोटिंग हबचे फोटो दाखवलेस, तेव्हा मी नुसतं हूं म्हणालो आणि विषय बदलला. तुला वाटलं असेल, मामाचं आता गाड्यांतून लक्ष उडालं. तसं नाही. तुझी आई समोर बसली होती. जीपच्या मागच्या चाकाचं बोलणं निघालं की तिला अनंतगिरीचा उतार आठवतो, आणि मग ती रात्रभर कूस बदलत राहते. तिच्यादेखत जे बोलता आलं नाही ते लिहून पाठवतो. सावकाश वाच, आणि पैसे मोजायच्या आधी वाच.

१९८६ चा श्रावण होता. मी आरटीसीच्या वर्कशॉपात नोकरीला, आणि घरी माझी स्वतःची महिंद्राची सीजे-३बी. विकाराबादला अनंतपद्मनाभस्वामीच्या दर्शनाला निघालो होतो. मागच्या बाकावर तुझी आजी आणि तुझी आई. दर्शन झालं, डोंगर उतरायला लागलो, पाऊस भुरभुरत होता. एका वळणाआधी डाव्या मागच्या बाजूने लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि पुढच्या क्षणी आमचंच चाक, ड्रमसकट, आम्हाला मागे टाकून उताराने निघून गेलं. मी ब्रेक दाबला. पेडल थेट तळाला गेलं. हँडब्रेक ओढला, तो लागला, पण गाडी थांबेना. शेवटी गाडी डोंगराच्या बाजूच्या चारीत घातली म्हणून आज हे लिहितो आहे. तुझ्या आईच्या उजव्या कोपरावरचा व्रण तू लहानपणापासून पाहतोस, तो त्या दिवसाचा आहे.

चाक, ब्रेक आणि हँडब्रेक, तिन्ही गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी का गेल्या, हे समजून घे. ते समजलं की हब कसा निवडायचा याचं निम्मं उत्तर मिळतं.

त्या जीपचा मागचा एक्सल सेमी-फ्लोटिंग. म्हणजे जो शाफ्ट चाक फिरवतो, त्याच शाफ्टच्या टोकावर गाडीचं वजनही बसतं. टोक निमुळतं, आपण टेपर म्हणतो; त्यावर हब दाबून बसवायचा, मध्ये एक चावी, वरून मोठा नट. आठ दिवसांपूर्वी ब्रेकशू बदलताना मी तो हब काढला होता. चावी झिजलेली दिसली होती. तरी तीच बसवली, आणि नट अंदाजाने आवळला. तो नट दीडशे फूट-पाउंडाच्या खाली ठेवायचा नसतो. थोडा ढिला राहिला की हब टेपरवर सूतभर हलतो, सगळा जोर चावीवर येतो, चावीच्या खाचेच्या कोपऱ्यात बारीक चीर पडते आणि दर फेऱ्याला ती वाढत जाते. चूक माझी होती, दुसऱ्या कोणाची नव्हती. पण शाफ्ट तुटल्यावर चाकाला धरून ठेवणारं दुसरं काहीच तिथे नव्हतं, हा त्या रचनेचा स्वभाव. ड्रम गेला, तसे ब्रेकचे शू मोकळे फाकले, सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडले आणि सगळं तेल रस्त्यावर. त्या काळी चारही चाकांना तेलाची वाट एकच. हँडब्रेक होता तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टला धरणारा. प्रोपेलर शाफ्ट त्याने धरला, पण डावा शाफ्ट तुटलेला असल्यामुळे डिफरन्शियल त्या बाजूने मोकळं फिरलं आणि उजवं चाक चालतच राहिलं.

आता बैलगाडी आठव. भालकीला आजोबांच्या वाड्यात होती ती तू पाहिली नाहीस, पण जत्रेत पाहिली असशील. तिचा लोखंडी आस गाडीला पक्का बांधलेला असतो, तो फिरत नाही. चाकाचा तुंबा त्या आसावर फिरतो. वजन आस उचलतो, आणि ओढायचं काम बैलांचं. दोन कामं, दोन धनी. फुल-फ्लोटिंग एक्सल म्हणजे नेमकी हीच मांडणी. हाउसिंगच्या टोकाला एक पोकळ स्पिंडल पक्कं बसवलेलं असतं, तोच आस. त्यावर दोन टेपर रोलर बेअरिंग घालून हब फिरतो, तोच तुंबा. बैलांच्या जागी स्पिंडलच्या पोकळीतून आतला शाफ्ट येतो आणि बाहेरच्या चकतीने हबला बोल्टांनी पकडून फिरवतो. त्याच्या अंगावर गाडीचं एक किलोसुद्धा वजन नसतं. तो तुटला तर गाडी ओढली जायची थांबेल, पण चाक जागेवर राहील, ड्रम जागेवर राहील आणि पायाखालचा ब्रेक शाबूत राहील.

हे तुला रोज दिसतं, फक्त तू बघत नाहीस. विजयवाड्याच्या रस्त्यावर लॉरीच्या मागच्या चाकाकडे पाहा. मधोमध हब बाहेर आलेला असतो आणि त्याच्या तोंडावर बोल्टांची गोल माळ असते. ती माळ दिसली की समजायचं, फुल-फ्लोटिंग. आमच्या बसेसना तेच. माळेचे नट काढले की चाक जमिनीवर असतानाच, जॅक न लावता, शाफ्ट हातभर ओढून बाहेर यायचा. वर्कशॉपात मी हे काम इतक्या वेळा केलं की त्या शाफ्टचं वजन अजून मनगटाला आठवतं.

आणि हे जीपला नवं नाही. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी, १९४१ ते १९४५ मधली, तिचा मागचा एक्सल फुल-फ्लोटिंगच होता. १९४५ मध्ये नागरी सीजे-२ए आली, तिच्या पहिल्या काही हजार गाड्यांना तोच एक्सल मिळाला, मग मात्र मागे सेमी-फ्लोटिंग आला. महिंद्राने आपल्याकडे जी जीप घरोघर नेली ती या नंतरच्या घराण्यातली. तू आज जे बसवू पाहतोस ते तिच्या पणजीकडे होतं.

पण तुला ते हवंच आहे का? पहिला प्रश्न हा विचार, आणि स्वतःला खरं उत्तर दे. तुझी एमएम-५४० जर मूळ मापाच्या टायरवर, महिन्यातून एकदा दामगुंडमच्या जंगलाकडे चालणार असेल, तर नवा टेपर, नवी चावी, नवं बेअरिंग आणि टॉर्क पान्याने आवळलेला नट एवढ्यावर ती आणखी वीस वर्षं चालेल. मला त्यात कमीपणा वाटत नाही. सेमी-फ्लोटिंग हलका असतो, स्वस्त असतो, त्याचा ब्रेक सोपा असतो. लाखो गाड्या त्यावर धावतात.

तू मात्र मोठे टायर, मागे डिफरन्शियल जखडणारा लॉकर आणि खडकांतली चढाई म्हणतोस. मग हिशेब बदलतो. समज, इंजिनाचा जोर १२० न्यूटन-मीटर, पहिला गिअर साडेतीनचा, लो रेंज २.४६, क्राउन-पिनियन ५.३८. गुणाकार कर, साडेपाच हजाराच्या वर जातो. एरवी हा सगळा जोर शाफ्टला कधी भेटत नाही, कारण चाकावर चारशे किलो वजन असेल तर तेरा-चौदाशे न्यूटन-मीटरच्या आसपास टायरच घसरतं. शाफ्ट तुटतो तो चाक दोन दगडांत रुतून बसल्यावर. तिथे टायर घसरायला जागा नसते, लॉकर सगळा जोर त्याच एका शाफ्टकडे पाठवतो, वरून तू पाय दाबतोस. त्या क्षणी त्याच शाफ्टवर गाडीचं वजनही वाकून बसलेलं असेल, तर काय होतं ते मी पाहिलं आहे. म्हणून तुझ्या कामाला फुल-फ्लोटिंग, याला माझी संमती आहे.

आता खरा कानमंत्र. वर्कशॉपातल्या उस्तादांनी मला दिला तो एका वाक्याचा होता: बेअरिंग आधी, हब मग.

लोक हब बघतात. त्याची चमक बघतात, कुठून आला ते बघतात. मी म्हणतो, हब विकणाऱ्याला पहिला प्रश्न विचार: आत कोणत्या नंबरचं बेअरिंग आहे, आतलं कोणतं, बाहेरचं कोणतं, सील कोणत्या मापाचं? सांगता आलं नाही तर तिथून उठ. सांगितलं तर तो नंबर कागदावर घे आणि हब न घेता राणीगंजच्या बाजारात जा. दोन-तीन दुकानांत विचार. काउंटरवरचा माणूस मान वर न करता "है चाचा, कित्ते होना?" म्हणाला, तर तो हब विकत घेण्याजोगा. "मंगाना पड़ता" म्हणाला, तर तो हब कितीही देखणा असला तरी सोड. लोखंडाचा हब तुझ्या नातवापर्यंत टिकेल. बेअरिंग आणि सील मात्र दोन-तीन पावसाळ्यांत बदलावी लागतील, आणि ती बदलायची वेळ तुला विचारून येत नाही.

त्यातही, पुढच्या आणि मागच्या चाकांना एकच बेअरिंग आलं तर सोन्याहून पिवळं. विलीज एमबीचा शहाणपणा इथेच होता. पुढच्या हबला कोन १८५९०, कप १८५२०, आत तेच, बाहेर तेच, आणि मागच्या हबलाही तेच. आठ बेअरिंग, एक नंबर. डब्यात दोन जोड टाकले की चारही चाकांची चिंता मिटली. या नंबराची मापं लक्षात ठेव: आतलं भोक ४१.२७५ मिलिमीटर, बाहेरचा व्यास ७३.०२५.

ही मापं का सांगतो आहे? कारण इथेच नव्या मुलांचा हिशेब चुकतो. सगळ्यांना शाफ्ट जाड हवा. पण शाफ्ट स्पिंडलच्या पोटातून जातो आणि स्पिंडल बेअरिंगच्या पोटात असतं. समज, तू ३२ मिलिमीटरचा शाफ्ट घेतलास. त्याला दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर मोकळीक दे. स्पिंडलचं भोक झालं ३४. बाहेरून ते ४१.२७. उरली किती? जेमतेम साडेतीन मिलिमीटरची भिंत. नटाचे आटे पाडायला टोक आणखी बारीक करावं लागतं, तिथे त्याहूनही कमी. गाडीचं सगळं वजन, खड्ड्यांचे दणके, तिरप्या उतारावरचा रेटा, हे सगळं त्या भिंतीवर. शाफ्ट जाड करताना आपण आसच पोखरतो आहोत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

फुल-फ्लोटिंगमध्ये शाफ्टवरचं वजन उतरलेलं असतं, तेव्हा त्याला अवाढव्य जाड करायची निकड राहत नाही. चांगल्या पोलादाचा, नीट उष्णतासंस्कार केलेला मध्यम शाफ्ट घे आणि स्पिंडलची भिंत जाड राख. आणि काहीतरी तुटणारच असेल तर शाफ्टच तुटू दे. तो अर्ध्या तासात बदलता येतो. क्राउन-पिनियनचा दात गेला तर जंगलात कोणी बदलून देणार नाही. फारच मोठे टायर घालायचे ठरवलंस तर मोठ्या बेअरिंगचा, मोठ्या स्पिंडलचा हब लागेल. मग पुढे-मागे एक नंबर हे सुख गेलं, हे मान्य करूनच त्या वाटेला जा.

आणखी एक बघ. आतलं आणि बाहेरचं बेअरिंग यांच्यात अंतर किती? जितकं जास्त तितकं चाकाला आडवा रेटा सोसता येतो. काही हब दिसायला आटोपशीर म्हणून दोन्ही बेअरिंग जवळजवळ खेटून ठेवतात. दोन माणसांनी पालखी खांद्याला खांदा लावून उचलली तर ती डुलते; एक पुढे, एक मागे हवा. शिवाय चाकाची मधली रेघ त्या दोन बेअरिंगांच्या मध्ये पडली पाहिजे. रुंद दिसावं म्हणून फार बाहेर काढलेली रिम घातलीस तर सगळं ओझं बाहेरच्या एकट्या बेअरिंगवर लटकतं. फुल-फ्लोटिंग किटने मागचा पल्ला आधीच थोडा वाढतो. आधी पुढच्या दोन चाकांच्या तोंडापासून तोंडापर्यंत माप घे, मग मागचं, आणि मगच रिम ठरव.

बोल्टांचं मापही तेव्हाच बघ. आपल्या जुन्या जीपला पाच बोल्ट, साडेपाच इंचांच्या वर्तुळावर, म्हणजे १३९.७ मिलिमीटर. जिप्सीलाही तेच. मागे लॉरीसारखे आठ बोल्टांचे हब शोभून दिसतात, पण मग एकच स्टेपनी चारही चाकांना चालत नाही.

स्पिंडल हाउसिंगला दोन तऱ्हांनी लागतं. एक, ब्रेकच्या बॅकप्लेटच्या जागी बोल्टांनी. दुसरी, हाउसिंगचं टोक कापून वेल्डिंग करून. तुझ्यासाठी बोल्टाची. वेल्डिंगला माझा विरोध नाही, पण ते डोळ्यांच्या अंदाजाने करायचं काम नाही. हाउसिंगच्या आरपार, डिफरन्शियलच्या बेअरिंगच्या जागेतून, सरळ घोटीव सळई घालतात, दोन्ही स्पिंडल त्या सळईवर ओवतात आणि मग टाके घेत घेत, गार होऊ देत वेल्डिंग करतात. ही सळई नसलेल्या माणसाकडे हाउसिंग ठेवूच नको. ऑटोनगरला लॉऱ्यांची हाउसिंग सरळ करणारे जुने खरादी आहेत. त्यांच्याकडे जा, तासभर बसून त्यांचं काम बघ, सळई आहे का ते बघ, आणि मग बोल. स्पिंडल एका अंशाने वाकडं बसलं तर शाफ्ट दर फेऱ्याला त्याच्या टोकाच्या दातांवर, स्प्लाइनवर, मुरडत राहील आणि सील आठवड्यात तेल सोडेल. तुला वाटेल सीलच वाईट निघालं.

स्प्लाइनवरून आठवलं. शाफ्ट मागवायच्या आधी तुझ्या डिफरन्शियलमधल्या स्प्लाइन मोज. कॅटलॉगवर विसंबू नको. या गाड्या इतक्या हातांतून गेल्या आहेत की आत काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही.

आता ब्रेक. इथे मी तुला विनवणी करतो आहे, कारण इथे माझ्या घरच्यांचा जीव टांगणीला लागला होता. फुल-फ्लोटिंग किटबरोबर बहुतेक जण डिस्क बसवतात. थांबायला ती चांगली, चिखलातून निघाल्यावर लवकर कोरडी होते. पण डिस्कबरोबर हँडब्रेकचं काय, हे आधी ठरव. हँडब्रेकची तार असलेला कॅलिपर मिळाला तर उत्तम. नाही मिळाला आणि प्रोपेलर शाफ्टवरच्या जुन्या हँडब्रेकवर भागवायचं ठरवलंस, तर हे काळजावर कोरून ठेव: फुल-फ्लोटिंग एक्सलचा एक शाफ्ट तुटला किंवा तू तो काढलास आणि लॉकर लागलेला नसेल, की तो हँडब्रेक मेला. गिअरमध्ये ठेवलेली गाडीही मोकळी. चाक जागेवर आहे, गाडी शांत उभी आहे, आणि तिला धरणारं काहीच नाही. चढावर शाफ्ट बदलायला बसशील, बोल्टांची माळ सोडवशील, शाफ्ट चार बोटं बाहेर येईल आणि गाडी तुझ्या अंगावरून मागे जाईल. म्हणून बोल्टाला पाना लावायच्या आधी चाकांना दगड. चारही चाकांना, दोन्ही बाजूंनी. लाकडाचे दोन गुटके गाडीतच ठेव, जंगलात हवा तसा दगड मिळेलच असं नाही. फोर-व्हील लावून ठेवलंस तर पुढचा एक्सल धरतो, ते कर. पण त्यावर भरवसा ठेवून दगड टाळू नको.

माझं मत विचारशील तर मागे ड्रमच ठेव. ड्रमला हँडब्रेक सहज जमतो, आणि हब निवडताना हाही प्रश्न विचार, की त्यावर तुझा सध्याचा ड्रम बसतो का.

पाण्याचं सांगायला फार शब्द लागणार नाहीत, तू स्वतः होतास. २०२० च्या ऑक्टोबरात सरूरनगरचा तलाव भरून आला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं, तेव्हा माझी गाडी दीड दिवस हबभर पाण्यात उभी होती. नंतर हब उघडला तर ग्रीस दह्यासारखं पांढरं झालं होतं आणि रोलरवर तांबूस डाग. अख्खा संच फेकावा लागला. नदी-नाल्यात तर त्याहून वाईट, कारण तापलेला एक्सल गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि हाउसिंग सीलमधून पाणी आत शोषून घेतं. म्हणून हाउसिंगच्या श्वासनळीला, ब्रीदरला, रबरी नळी लाव आणि ती वर बोनेटजवळ नेऊन बांध. चार पैशांचं काम आहे, हबच्या किमतीइतकं मोलाचं. हबमध्ये ग्रीस ठेवायचं की डिफरन्शियलचं तेल येऊ द्यायचं, तेही हब निवडतानाच कळतं. ग्रीसचा हब असेल तर स्पिंडलच्या आत तेल अडवणारं सील हवं. नसलं तर तेल ग्रीसला पातळ करून ब्रेकच्या शूवर नेऊन सोडतं. दोन्हींची खिचडी होऊ देऊ नको. पाण्यातून आलेली गाडी त्याच आठवड्यात एक हब उघडून बघायची. एक बिघडलेला दिसला तर चारही.

बाहेरच्या चकतीऐवजी मागेही फिरवून सोडता येणारे लॉकिंग हब लावतात काही जण. शाफ्ट तुटला की हात फिरवून चाक मोकळं करता येतं, टोचन करून आणतानाही बरं पडतं. पण तेवढाच एक दुबळा सांधा वाढतो. मी साधी जाड चकतीच लावली असती. तिचे बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरांनंतर पुन्हा टॉर्क पान्याने बघ. जोर पोचवायचं काम खरं तर चकती आणि हब यांच्या घट्ट दाबलेल्या तोंडांचं. बोल्ट ढिले झाले की तो जोर बोल्टांच्या माना कापतो. बसवताना दोन्ही तोंडांवर रंगाचा थेंबसुद्धा राहू देऊ नको.

शाफ्ट तुटलाच, तर तुटका तुकडा आत डिफरन्शियलकडे अडकून राहतो. तो तसाच ठेवून फिरायचं नाही. लांब तारेचा फास आणि दांड्याला बांधलेलं लोहचुंबक सोबत असू दे. तुकडा निघाला की हबचं तोंड झाकणाने बंद कर. झाकण नसेल तर चिंधी आणि जाड प्लास्टिक बांध. मग फोर-व्हील लावून पुढच्या चाकांवर हळूहळू घरी ये. मागचं चाक बैलगाडीसारखं नुसतं फिरत येईल.

बसवणी तू माझ्यासमोर करशील, तरी लिहून ठेवतो. बेअरिंगच्या रोलरांत ग्रीस तळहाताने दाबून भर, वरून लेप लावून भागत नाही. आतला नट आवळताना चाक हाताने फिरवत राहा. चाक जड होऊन अडायला लागलं की थांब आणि नट एक षष्ठांश फेरा मागे घे. लॉक वॉशर, वरून लॉक नट, लॉक नट आवळल्यावर पुन्हा चाक फिरवून बघ, कारण त्या आवळण्यानेही मोकळीक कमी होते. चाक वर-खाली धरून हलव. जाणवेल न जाणवेल इतकाच ढिलेपणा हवा. मग दहा किलोमीटर चालवून ये, ब्रेक कमी वापर, आणि हबवर तळहात ठेव. कोमट लागला तर बरोबर. हात ठेववत नसेल तर नट घट्ट आहे, तिथेच सोडव, घरी जाऊन बघू म्हणू नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत फरक करायला त्यात मनाई आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. तेव्हा एक्सल कापण्याआधी आरटीओत लेखी विचार, विमा कंपनीलाही विचार. नंतर विचारून उपयोग नसतो. परवानगी मिळत नसेल तर मूळ एक्सल तसाच, नीट केलेला, हेच बरं. अपघात झाला तर विम्याचा कागद तुझ्याच नाही, समोरच्याच्याही उपयोगी पडायचा असतो.

शनिवारी सकाळी ये. रविवारी राणीगंजची बहुतेक दुकानं बंद असतात. हब घेऊन येऊ नको. आधी तुझी गाडी घोडीवर चढवू, दोन्ही ड्रम उतरवू, टेपर आणि चावी बघू, स्प्लाइन मोजू, पुढच्या हबमधल्या बेअरिंगचा नंबर पुसून वाचू. तो नंबर कागदावर लिहून दुपारी बाजारात जाऊ. येताना पुलर आण, माझा मी देऊन टाकला. आणि निघताना आईला सांगून ये, मागच्या चाकाचं काम काढलं आहे आणि मामा सोबत आहे म्हणून.